गोव्यात राहून सिनेमा लिहायला आणि करायला शिकायचंय? मग असं करून बघा

नाटकाच्या तालमी सुरू झाल्या की आमच्याकडे दर वर्षी एखादा तरी पोरगा बाजूला घेऊन विचारतो, दादा सिनेमा शिकायचाय, मुंबईला जाऊ का. मी डिचोली तालुक्यात राहतो, नोकरी करतो आणि सुट्ट्या जमवून मित्रांबरोबर शॉर्ट फिल्म करतो, त्यामुळे माझं उत्तर हे शिकता शिकता सापडलेलं आहे आणि ते एकदाच नीट लिहून ठेवतोय. मुंबईला जायचं असेल तर जरूर जा, पण हातात पूर्ण केलेली तीन कामं घेऊन जा. आणि ती तीन कामं करायला जे लागतं ते गोव्यात बहुतेक सगळं आहे. एका गोष्टीशी मात्र झगडावं लागतं, ती म्हणजे आपली नाटकाची सवय. तिच्याबद्दल खाली बरंच लिहिलंय, कारण आमच्या भागातल्या माणसाला तीच सगळ्यात जास्त उपयोगी पडते आणि तीच नडते.

आधी बघायला शिका, पण वही घेऊन

दहा-पंधरा मिनिटांची एक शॉर्ट फिल्म निवडा, जी तुम्हाला मनापासून आवडलीय अशी. तीच तीनदा बघायची. पहिल्यांदा नुसती. दुसऱ्यांदा आवाज पूर्ण बंद करून. तिसऱ्यांदा मोबाईल पालथा ठेवून फक्त ऐकायची. आवाज बंद असताना गोष्ट कुठपर्यंत कळते आणि कुठं अडते ते लिहून काढा, तिथंच तुम्हाला दिसेल की लिहिणाऱ्याने कुठलं काम चित्रावर सोपवलंय आणि कुठलं संवादावर.

मग घड्याळ लावून सीनची यादी करा. वहीत तीन रकाने: सीन किती सेकंदांचा, त्यात कोणाला काय हवंय, आणि सीन संपताना काय बदललं. तिसरा रकाना रिकामा राहिला तर तो सीन का ठेवला असेल यावर विचार करा. अशा दहा फिल्म केल्यात की जी समज येते ती दहा पुस्तकं वाचून मला आली नव्हती, आणि पुस्तकं मी वाचलीत, पणजीत पाटोवरच्या कृष्णदास शामा मध्यवर्ती ग्रंथालयात बसून वाचलीत. ते ग्रंथालय वापराच, तिथं मराठी कथा-कादंबऱ्या भरपूर आहेत आणि पटकथा लिहिणाऱ्याने सगळ्यात जास्त वाचायच्या त्या कथाच.

किल्ली मिळणाऱ्या जागांची यादी

पहिली पटकथा लिहिताना सगळे एक चूक करतात, डोक्यात आलेली गोष्ट लिहितात आणि मग तिच्यासाठी पोलीस स्टेशन, हॉस्पिटल, रात्रीचा हायवे शोधत फिरतात. उलटं करा. कागदावर अशा दहा जागा लिहा की जिथली किल्ली तुम्हाला मागितली की मिळते. काकांचं बंद घर, वाचनालय, देवळाची अग्रशाळा (भाविकांच्या उतरायच्या खोल्या), मित्राचं गॅरेज, शाळेचा वर्ग रविवारी. त्याच्याखाली पाच माणसं लिहा जी कॅमेऱ्यासमोर लाजत नाहीत, आणि तीन वस्तू ज्या फुकट मिळतील आणि पडद्यावर चांगल्या दिसतील, उदाहरणार्थ होडी, जुनी जीप, पेटी. आता ह्या यादीतून गोष्ट काढायची.

गोष्ट सापडली की ती एका वाक्यात लिहा: कोणाला काय हवंय, आडवं काय येतंय आणि वेळ कधी संपते. मुदत नसली की शॉर्ट फिल्म पसरते हे मी स्वतःच्या दोन स्क्रिप्टमध्ये अनुभवलंय. एका वाक्यावरून एक पान, पानावरून सीनची यादी, मगच संवाद. संवादाला शेवटी हात लावा, हे मी प्रत्येकाला सांगतो आणि प्रत्येकजण आधी संवादच लिहून आणतो.

रचना शिकायला आपल्याकडे बाहेरचं काही लागत नाही. जत्रेच्या काल्याला पेडण्याकडे जा आणि दशावतार रात्रभर बघा, शक्य असेल तर आधी आत जाऊन रंगपटात बसायची परवानगी मागा. तिथं लिहिलेले संवाद नसतात. कथानक ठरतं, कोणी कुठं यायचं आणि कोणत्या कारणासाठी यायचं एवढं सांगितलं जातं आणि मग नट रंगमंचावर उभं राहून बोलणं रचतात. म्हणजे प्रत्येक प्रवेशाला हेतू असतोच असतो, हेतूशिवाय नटाला बोलताच येणार नाही. सीनची यादी म्हणजे नेमकं तेच. कीर्तनही तसंच शांतपणे ऐका. पूर्वरंगात बुवा विषय मांडतात आणि उत्तररंगात आख्यान लावतात, आख्यान अगदी टोकाला आलेलं असताना थांबवून अभंग घेतात, आणि आपण जागचे हलत नाही. उत्सुकता कुठं ताणायची याचं इतकं चांगलं शिक्षण गावातल्या देवळात फुकट मिळतंय.

नाटकातून सिनेमाकडे: एकच सीन दोनदा

आता मुद्द्याचं. आमच्या मंडळातल्या एका पोराने पहिल्यांदा लिहून आणलेला सीन असा होता: मुलगा कुळागर, म्हणजे माड-पोफळीची बाग, विकायला निघालाय, ओसरीवर बाप बसलाय. मुलगा म्हणतो, "बाबा, मी कुळागर विकायचं ठरवलंय." बाप उभा राहतो, "अरे, ह्या एकेका माडाला तुझ्या आजोबांनी घागरीने पाणी घातलंय, हे विकणं म्हणजे त्यांना विकणं आहे!" स्टेजवर ह्या वाक्याला टाळी नक्की. शेवटच्या रांगेतल्या माणसापर्यंत बापाचा चेहरा पोचत नाही म्हणून त्याचं दुःख शब्दातून पोचवावं लागतं, त्यात चूक काहीच नाही. पण कॅमेरा बापाच्या चेहऱ्यापासून दोन हातांवर असतो. तिथं हेच वाक्य भाषण होतं.

चार दिवस बसून आम्ही तो सीन असा केला:

बाहेर. कुळागर. सकाळ.
पाडेली माडावर चढलाय. खाली बाबा पडलेले नारळ एका जागी करतायत. मुलगा एका अनोळखी माणसाला घेऊन येतो. त्या माणसाच्या हातात मोजायची टेप. तो टेपचं टोक बाबांच्या हातात देतो, त्यांना गडी समजून.
माणूस: जरा धरा हां.
बाबा टोक धरतात. माणूस चालत लांब जातो, टेप माडांच्या मधून ताणली जाते. मुलगा बाबांकडे बघत नाही.
पाडेली (वरून): हे कोवळे आसात, दवरूं?
बाबा हातातल्या टेपकडे बघतात.
बाबा: नाका. सगळे पाड.
कोवळे नारळ पडायला लागतात.

(दवरूं म्हणजे ठेवू, नाका म्हणजे नको.) विकणं हा शब्दच कोणी उच्चारलेला नाही. पण पुढच्या वर्षीचं पीक आपलं नाही हे बापाला कळलंय, हे तुम्हाला कळतं. नाटकाची सवय मोडायची म्हणजे हेच: भावनेचं वाक्य खोडा, आणि त्या भावनेत तो माणूस हाताने काय करेल ते शोधा. प्रत्येक सीनला हा प्रयोग करा. कधी कधी हाताला काहीच सापडत नाही, तेव्हा वाक्य ठेवा, चांगलं वाक्यही सिनेमाला लागतं.

बोलायचं कुठल्या भाषेत

वरच्या सीनमध्ये पाडेली कोकणी बोलतो हे मुद्दाम आहे. आपल्या घरात आईशी कोकणी, पेपर मराठी, आरती मराठी, नाटक मराठी, शाळेतल्या मिसशी इंग्लिश आणि बांधकामावरच्या कामगाराशी हिंदी, हे एका दिवसात होतं. मग स्क्रिप्टमध्ये सगळी माणसं पुस्तकी मराठी का बोलतात? मी आता संवाद लिहिताना माणसाच्या नावाशेजारी तो कोणाशी बोलतोय ते लिहितो आणि भाषा त्यावर ठरवतो. फिल्म मराठीच राहते, सबटायटल द्यायची असतातच. आणि जो बदल नाट्यपूर्ण असतो तो फुकट मिळतो, जसं की भांडताना मुलगा अचानक कोकणी सोडून मराठीत येतो तेव्हा तो घरातला राहिलेला नसतो, बाहेरचा झालेला असतो. मराठी बोलणारी घरं आहेत तिथं हे वेगळ्या पद्धतीने होतं, तुमच्या घरात कान देऊन ऐका.

फॉर्मॅट, सॉफ्टवेअर, हक्क

याच्यावर जास्त वेळ घालवू नका. प्रत्येक सीनच्या डोक्यावर आत की बाहेर, जागा आणि वेळ. खाली वर्तमानकाळात फक्त दिसणारं आणि ऐकू येणारं. "त्याला आजोबांची आठवण येते" हे शूट करता येत नाही. सुरुवातीला गूगल डॉक्स पुरे. एक पान म्हणजे एक मिनिट हा हिशोब इंग्लिश कुरिअर फॉण्टवर बसवलेला आहे, देवनागरीत तो चुकतो, म्हणून पूर्ण स्क्रिप्ट मोठ्याने वाचा, हालचालींना तेवढा वेळ थांबा, आणि स्टॉपवॉचवर मोजा.

लिहिल्याबरोबर कॉपीराईट तुमचाच असतो, नोंदणी हा पुरावा. मुंबईच्या स्क्रीनरायटर्स असोसिएशनचं सभासद होऊन स्क्रिप्टची नोंदणी ऑनलाईन होते, त्यासाठी मुंबई गाठायची गरज नाही. कोणालाही स्क्रिप्ट पाठवायच्या आधी एवढं करा. दुसऱ्याची कथा घेताना लेखक गेल्यानंतर ६० वर्षं हक्क वारसांकडे असतात हे लक्षात ठेवा. साने गुरुजी १९५० ला गेले, त्यांचं लेखन आता खुलं आहे. आपले बोरीचे बा. भ. बोरकर १९८४ ला गेले, म्हणजे त्यांची कविता फिल्ममध्ये वापरायची तर आज परवानगी घ्यावीच लागणार. गाण्यांच्या बाबतीत तर सरळ मोह टाळा, गावातल्या पेटीवाल्याकडून नवीन वाजवून घ्या.

पहिलं शूटिंग एका दिवसाचं

१९१२ मध्ये दादासाहेब फाळक्यांनी कुंडीत वाटाणा लावला आणि तो रुजून वर येतो ते रोज थोडं थोडं कॅमेऱ्यात टिपलं, ते बघून त्यांना भांडवल देणारा माणूस तयार झाला. पुढे १९१३ ला त्यांचा पूर्ण लांबीचा कथापट आला. तेव्हा आपल्या देशात इंडस्ट्री नावाचं काही नव्हतंच की ज्याच्या जवळ राहावं. म्हणून पहिली फिल्म तीन मिनिटांची, एक जागा, दोन माणसं, एक दिवस. आणि ती पुरी करायची. अर्धवट पंचवीस मिनिटांच्या फिल्मा मी आमच्या तालुक्यातच चार बघितल्यात.

युनिट पाच जणांचं: दिग्दर्शक, कॅमेरा, आवाज, एकजण कंटिन्यूइटी (एका शॉटचा दुसऱ्याशी मेळ बसतोय का ते बघणं) आणि क्लॅपला, एकजण जेवण-गाडी-सामान बघायला. पाचवा माणूस सगळ्यात जबाबदार निवडा. जेवण वेळेवर आलं की दुपारनंतरचे सीन चांगले होतात, हे अगदी खरं आहे.

नट आपल्याकडे तयार असतात, पाठांतर आणि तालमीची शिस्त त्यांच्याकडे आहे जी शहरातल्या नवख्या पोरांकडे नसते. आवाज मात्र खाली आणावा लागतो. तालमीत मी मोबाईल दोन फुटांवर धरतो आणि सांगतो, समोरच्या खोलीत बाळ झोपलंय, ते उठता नये. तीन तालमीत फरक पडतो. रेकॉर्डिंग त्यांना लगेच दाखवा, सांगण्यापेक्षा बघून पटकन कळतं.

मोबाईलच चालेल. ब्लॅकमॅजिक कॅमेरा नावाचं ॲप फुकट आहे, त्यात २५ फ्रेम आणि शटर १/५० ठेवा. आपली वीज ५० हर्ट्झची आहे, मोबाईल स्वतःहून ३० फ्रेमवर जातो आणि ट्यूबलाईटखाली चित्रात पट्टे सरकताना दिसतात, ते नंतर काढणं फार कठीण. फोकस आणि एक्स्पोजर लॉक करा. माडाखाली शूट करताना हे विसरलात तर झावळं हलली की चेहरा काळा-पांढरा होत राहतो. दुपारी अकरा ते तीन बाहेरचे सीन ठेवू नका, तेव्हा आतले उरका. चिऱ्याची भिंत आणि तांबडी माती चेहऱ्यावर लालसर उजेड फेकते, नटाच्या समोर थर्माकोलचा पांढरा पत्रा धरला की चेहरा मोकळा होतो.

आवाजावर सगळ्यात जास्त जीव लावा. कॉलर माईक हजार रुपयांच्या आसपास मिळतो, कॅमेऱ्याच्या आधी तो घ्या. आमची दुसरी फिल्म आम्ही ऑगस्टमध्ये पत्र्याच्या शेडमध्ये केली, चित्र इतकं सुंदर आलं होतं की आम्ही खूश होऊन घरी गेलो, आणि एडिटला बसलो तर प्रत्येक कटला पावसाचा आवाज वेगळा, एका वाक्यात मुसळधार आणि उत्तरात रिमझिम. सहा मिनिटांचे संवाद परत डब केले आणि नटांच्या चेहऱ्यावरची जान गेली. तेव्हापासून पावसात फक्त बिनसंवादाचे सीन. टेकच्या आधी पंखा आणि फ्रिज बंद, आणि फ्रिजमध्ये स्कूटरची चावी ठेवायची, म्हणजे निघताना फ्रिज चालू करायचा विसरत नाही. ज्यांनी घर दिलंय त्यांचं मासळी-दूध खराब झालं तर पुढच्या वेळी घर मिळत नाही. पोदेराचा, म्हणजे पाववाल्याचा, पोंपों हॉर्न सकाळ-संध्याकाळ येतोच, तो आला की थांबा, पण वेगळा रेकॉर्ड करून ठेवा, एडिटमध्ये सकाळ दाखवायला त्याच्याइतकं चांगलं काही नाही. आणि प्रत्येक जागेची एक मिनिट शांतता, कोणी न हलता, रेकॉर्ड करा.

जूनपासून लेन्स आणि माईक हवाबंद डब्यात सिलिका जेलसोबत ठेवा, आमच्या हवेत बुरशी पटकन धरते. खाजगी घरात घरमालकाची लेखी परवानगी, सार्वजनिक जागेसाठी एंटरटेन्मेंट सोसायटी ऑफ गोवा, म्हणजे ईएसजीकडे चौकशी. जुन्या गोव्याच्या चर्चसारख्या वारसा जागांना पुरातत्त्व खात्याची वेगळी परवानगी. ड्रोन उडवायच्या आधी डिजिटल स्काय ह्या सरकारी साईटवरचा नकाशा बघा, दाबोळीला नौदलाचा तळ आणि मोपाला विमानतळ असल्यामुळे बराच भाग बंधनात येतो.

एडिट

त्याच रात्री फुटेजच्या तीन कॉपी, त्यातली एक दुसऱ्याच्या घरी. दाविंची रिझॉल्व्ह ह्या एडिटिंग सॉफ्टवेअरची फुकट आवृत्ती पुरेशी आहे. आधी सगळे सीन स्क्रिप्टच्या क्रमाने लावा, मग एक आठवडा उघडू नका. परत बसाल तेव्हा प्रत्येक सीनची सुरुवात आणि शेवट कापून बघा, नाटकात माणूस येतो-बोलतो-जातो, सिनेमात त्याचं येणं-जाणं बहुतेक वेळा लागतच नाही. आधी कटिंग पक्कं, नंतर आवाज, रंग सगळ्यात शेवटी.

मग दाखवा. मंडळाच्या हॉलमध्ये प्रोजेक्टर लावा, तुम्ही मागच्या भिंतीला उभे राहा आणि लोक कधी चुळबूळ करतात, कोणाचा मोबाईल कधी बाहेर येतो ते मिनिट-सेकंद लिहा. संपल्यावर "कशी वाटली" विचारू नका, सगळे मस्त म्हणणार. "गोष्ट सांगा बघू" असं विचारा. त्यांनी सांगितलेली गोष्ट आणि तुम्ही लिहिलेली गोष्ट जिथं वेगळी, तिथं परत काम.

इंडस्ट्री दारात येते तेव्हा

२००४ पासून इफ्फी, म्हणजे भारताचा आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सव, बहुतेक नोव्हेंबरला पणजीत होतो आणि आमच्यातले कितीतरी लोक तो फक्त रोषणाई बघायला जातात, याचं मला खरंच वाईट वाटतं. डेलिगेट पास आधी काढा, रजा टाका. दिवसाला तीनच फिल्म बघा आणि रोज किमान एक मास्टरक्लास, रात्री बसमध्ये नोंदी. लांबून आलेली माणसं रांगेत तुमच्या शेजारी उभी असतात, त्यांना विचारा ते काय करतात. २०२१ पासून तिथं पस्तिशीच्या आतल्या नवोदितांची देशभरातून निवड होते आणि हल्ली त्यांना ४८ तासांत फिल्म करायला देतात, त्यात पटकथेचाही विभाग असतो, त्याची जाहिरात निघते त्यावर लक्ष ठेवा. इफ्फीसोबतच भरणारा फिल्म बाजार पहिल्या वर्षी नको, विकायला किंवा दाखवायला काहीतरी हातात असलं तर जा.

पुण्याच्या एफटीआयआयचे, म्हणजे तिथल्या फिल्म इन्स्टिट्यूटचे, छोटे कोर्स असतात, काही ऑनलाईनही, पटकथा आणि फिल्म ॲप्रिसिएशनचे पण. नोकरी सांभाळून करता येतात. एक फिल्म केल्यानंतर ते करा, मग तिथं विचारायला खरे प्रश्न असतात.

मोठा सेट कसा चालतो हे मात्र घरी बसून कळत नाही, ते बघावंच लागतं. बाहेरची युनिटं गोव्यात येतच असतात, २०२१ च्या एप्रिलमध्ये महाराष्ट्रात शूटिंग बंद झालं तेव्हा मराठी मालिकांची युनिटं इथं आली होती. स्थानिक लाईन प्रोड्युसरला, म्हणजे बाहेरच्या युनिटची इथली व्यवस्था बघणाऱ्याला, भेटून ठेवा आणि कुठल्याही खात्यात आठवडाभर काम करा, शक्यतो दिग्दर्शन किंवा साउंडकडे. रोजचे पैसे किती, जेवण-प्रवास कोणाचा, पैसे कधी, हे आधी व्हॉट्सॲपवर लिहून घ्या. माझे एका युनिटकडचे नऊ दिवसांचे पैसे तोंडी बोलण्यावर गेले आणि मागायला माझ्याकडे एक ओळही नव्हती.

मग मुंबई. तीन पूर्ण फिल्म, एक मोठी नोंदवलेली स्क्रिप्ट आणि दोन पानी गोष्टी तीन-चार, एवढं जमलं की भेटी आधी फोनवर ठरवा, एकाच दिवशी तीन, कोकणकन्याने थिवीहून संध्याकाळी निघा, सकाळी पोचा, परतीचं तिकीट दुसऱ्या रात्रीचं काढा. फिल्म मोबाईलमध्ये डाऊनलोड करून ठेवा, लिंकवर विसंबू नका. आणि समोरच्याने "बाकी काय आहे" विचारलं की सांगायला दुसरी गोष्ट तयार ठेवा, कारण हा प्रश्न मला प्रत्येक भेटीत आलाय.